साठ नंबरच्या कोऱ्या खेपा

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली तेव्हा आत एकच बाई होती, आणि तिला त्या क्षणी सुटकेपेक्षा एका पुरुषाची जास्त गरज होती.

असं सांगितलं की लोकांचे कान टवकारतात. टवकारू द्या. गोष्ट कानांचीच आहे.

ती त्याच हॉस्पिटलात कान तपासायची. कुणाला किती ऐकू येतं, कुठल्या कानाने कमी येतं, कुठलं मशीन बसवायचं, हे सगळं नऊ वर्षं तिच्याकडे होतं. तरी वरच्या मजल्यावरचे सर्जन तिला "अहो मशीनवाल्या" अशी हाक मारायचे, आणि तिने एखाद्या पेशंटबद्दल काही सांगितलं की मान डोलावून पुढे जायचे. म्हणून तिने पीएचडीला नाव घातलं. नावाआधी डॉक्टर लागलं की या बहिऱ्यांनाही ऐकू येईल, असा तिचा साधा विचार.

त्याला सहा वर्षं झाली होती. मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा मिळत नाही. साठ माणसं तपासायची होती. वय पंचवीस ते पस्तीस, कान ठणठणीत, आणि प्रत्येकाच्या तीन बैठका, आठ-आठ दिवसांनी. एकोणसाठ जण झाले. साठावा भला माणूस दोन बैठका देऊन परगावी निघून गेला, आणि हातात उरले वीस दिवस.

"आत कोण आहे?" वरून आवाज आला. शांत, जाड, जरासा हसरा.

"मी आहे."

"घाबरलात का?"

"नाही. तुमचं वय काय?"

वरची पान्याची खुडबुड थांबली.

"अडकलेली माणसं सहसा 'वाचवा' म्हणतात, मॅडम."

"सांगा ना."

"एकतीस."

"लहानपणी कान फुटला होता? घरात कुणी बहिरं?"

"आजोबा. पण ते आजीपुरतेच."

ती हसली. लिफ्टच्या पत्र्यात ते हसणं घुमलं.

"स्थळ बघत असाल तर आईशी बोला," तो म्हणाला. "पण दाराच्या डाव्या पट्टीत खडा अडकलाय तेवढा काढू दे. मघाशी लिफ्ट थांबताना वाजला, ऐकलात ना?"

तिने ऐकला नव्हता. दिवसभर दुसऱ्यांचे कान तपासणाऱ्या बाईने ऐकला नव्हता! तिच्या मनात आलं... असे कान हवेत!

दार फाकलं. आधी काळ्या तेलाने माखलेला हात आला, मग दोन डोळे.

"आधी बाहेर या," तो म्हणाला. "मग काय विचारायचं ते विचारा."

तर असा तो लिफ्टवाला साठ नंबर झाला. संशोधनात माणसाचं नाव कपाटात कुलूपबंद ठेवतात आणि कागदावर नुसता नंबर येतो. त्याच कागदाच्या तळाशी तिची सही असते : *या व्यक्तीशी माझं कोणतंही नातं वा वैयक्तिक संबंध नाही.* आजवर दर वेळी तिने ती डोळे मिटून केली होती. या वेळी मात्र पेन जरा अडखळलं. शाई सुकली असावी, असं तिने ठरवलं.

आता ती खोली. तळमजल्याच्याही खाली, बोळाच्या एका टोकाला. बोळाच्या दुसऱ्या टोकाला लिफ्टचा खड्डा. खोलीला दारामागे दार, भिंतींना हातभर जाडीचे काळे स्पंज. सगळे तिला मुकी खोली म्हणत. एकदा एक डास आत शिरला, त्याला स्वतःचं गुणगुणणं ऐकू येईना, तेव्हा बिचारा भोवंडून खाली पडला. मी काही तो पडताना पाहिला नाही, पण तो नंतर कुणाला चावलाही नाही. आत बसलं की पहिल्यांदा आपलं हृदय ऐकू येतं, मग मानेतून वर चढणारं रक्त. आणि थोडा वेळ गेला की पापण्या मिटल्याचा आवाज येतो... एकामागून एक, ओल्या कागदासारखा. चाळीस मिनिटांच्या वर आत कुणाला बसवायचं नाही असा नियम होता. का, ते कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं.

तिने त्याच्या कानांवर हेडफोन चढवले. बोटांना त्याचे केस लागले. दोघांनीही ते लक्षात आलं नाही असं दाखवलं.

"आवाज आला की बटण दाबायचं. कितीही बारीक असला तरी."

"आणि नाही आला तर?"

"तर नाही दाबायचं."

"सोपं आहे. पीएचडी याच्यावर देतात?"

ती बाहेर काचेमागे बसली आणि आवाज सोडू लागली. चाचणीत मधूनमधून दहा वेळा ती काहीच सोडत नसे. त्याला कोरी खेप म्हणायचे. माणूस उगाच बटण दाबतोय का, ते त्यात कळतं. दहांतल्या तीन कोऱ्या खेपांना बटण दाबलं गेलं की माणूस बाद. त्याच्या कागदावर 'वगळले' असा शिक्का मारायचा, विषय संपला.

साठ नंबरला झाडाचं पान हलल्याएवढा आवाजही ऐकू येत होता. असे कान तिने आजवर पाहिले नव्हते. मग पहिली कोरी खेप आली, आणि काचेपलीकडे त्याचा अंगठा हलला. बटणाचा दिवा लागला.

तिने मशीन पाहिलं. काहीही सोडलेलं नव्हतं.

चौथ्या कोऱ्या खेपेला पुन्हा. सातव्याला पुन्हा. आणि दर वेळी तो असा मान वळवून बघत होता, जणू कोपऱ्यात कुणी उभं आहे.

बाहेर आल्यावर तो हसतच म्हणाला, "टूं-टूं ठीक आहे, पण ते बाकीचं कशाला घातलंत मध्येच?"

"बाकीचं म्हणजे?"

"स्टीलचा पेला पडला, घरंगळत गेला. मग एक बाई म्हणाली, 'अगंबाई, पुन्हा?' आणि मग कुणीतरी शिंकलं. तीनदा."

तिच्या हातात शिक्का होता. तीन बटणं, म्हणजे बाद. पण बाद म्हणजे एकोणसाठ, आणि एकोणसाठ म्हणजे सहा वर्षं पाण्यात. तिने शिक्का खाली ठेवला. 'कोऱ्या खेपेला दाबलेली बटणं' यापुढच्या चौकोनात लिहिलं : शून्य.

"पुढच्या मंगळवारी, अकरा वाजता," ती म्हणाली.

"येतो," तो म्हणाला. "त्या शिंकणाऱ्या बाईंना औषध द्या."

खोलीत माईक असतो. त्या दिवशी तिने सगळं रेकॉर्डिंग परत परत ऐकलं. तीन कोऱ्या खेपांत नुसता त्याचा श्वास होता, दुसरं काही नाही. ती तो श्वास गरजेपेक्षा जरा जास्त वेळा ऐकत बसली, हेही सांगून टाकतो.

घरी आत्या होती. आत्याचा एकच प्रश्न सहा वर्षं चालू होता. "साठ-साठ पुरुषांचे कान धरलेस गं, त्यातला एकही बरा निघू नये?"

"त्यांतल्या निम्म्या बायका आहेत, आत्या."

"मग उरलेल्या तिसांचं बोल."

"संशोधनातल्या माणसांकडे तसं बघायचं नसतं."

"म्हणजे बघितलंस," आत्या म्हणाली आणि दिवा मालवून झोपली.

दुसऱ्या मंगळवारी तो धुतलेला शर्ट घालून आला. तेलाचा वास होताच, वर साबणाचाही होता. ती हेडफोनची वायर नीट करायला वाकली, तिचा कोपर टेबलाला लागला आणि पाण्याचा पेला पडला. स्टीलचा. तो घरंगळत घरंगळत खुर्चीखाली गेला. सकाळीही तो असाच पडला होता, म्हणून तिच्या तोंडून आपोआप निघालं :

"अगंबाई, पुन्हा?"

खोलीने ते शब्द गिळले. त्याचा चेहरा पांढरा पडत गेलेला तिला दिसला.

"हाच आवाज," तो म्हणाला. "तुमचाच होता तो."

पेल्याची शेवटची थरथर थांबली.

"आता शिंका," तो कुजबुजला.

"मला नाही येत शिंक."

एक मिनिट गेलं. दीड गेलं. "बघा, नाहीच आली, उगीच आपण..." असं ती म्हणाली आणि शिंकली. तीनदा.

तुम्ही-आम्ही असतो तर तिथून पळालो असतो. पण एकीच्या डोक्यावर बारा दिवसांची मुदत होती, आणि दुसऱ्याला तिथून निघायचंच नव्हतं. बैठक झाली. तीन कोऱ्या खेपांना पुन्हा अंगठा हलला. या वेळी तो बाहेर आला तो हसत नव्हता.

"सांगा," ती म्हणाली.

"राहू दे."

"साठ नंबर, सांगा."

तो खुर्चीत बसला. "तुम्ही होतात. 'तुम्ही आलातच नाही तर?' असं म्हणालात. समोर कुणी नसताना बोलतो तसं. पुढच्या खेपेला... धप्प. एकदाच. शेवटच्याला तुम्ही हसलात. पोट धरून. मग दार वाजलं, आणि काही नाही."

"काही नाही म्हणजे शांतता. ही खोलीच तशी आहे."

"ही नाही हो. ही शांतता मला आता ऐकू येते. तुमचं घड्याळ, माझं पोट. त्या शांततेत हेही नव्हतं." त्याने हात पुसले, स्वच्छ असूनही. "आमच्या कामात धप्प एकाच गोष्टीचं असतं. आणि त्याच्यानंतर असंच असतं. पुढच्या मंगळवारी मी या लिफ्टच्या खड्ड्यात उतरणार आहे."

"नका उतरू."

"वरचे पेशंट काय जिना चढतील?" मग तिच्याकडे न बघता त्याने विचारलं, "मी गेलो तर तुम्ही हसाल?"

"कसे जाताय त्यावर आहे."

विनोद चांगला होता. हसलं मात्र कुणीच नाही. तो गेल्यावर तिने चौकोनात दुसऱ्यांदा शून्य काढलं. ते नीट गोल आलंच नाही.

त्या आठवड्यात एका दुपारी ती स्वतःच त्या खुर्चीत जाऊन बसली. दोन्ही दारं लावून, हेडफोन चढवून. हृदय ऐकू आलं. रक्त, पापण्या. बाहेर धोधो पाऊस पडत होता, आत त्याचा मागमूस नव्हता. तिला पुढचं काहीतरी ऐकायचं होतं. तो जिन्यावर चढतोय, बोलतोय, काहीही. खोली मुकीच राहिली. फक्त एकदा, अगदी जवळ, कुणीतरी श्वास रोखून धरला आहे असं तिला वाटलं. तिने मागे वळून पाहिलं. मग कळलं की तो आपणच धरला होता.

तिसरा मंगळवार. अकरा वाजले. सव्वाअकरा. अकरा वीस. ती मुक्या खोलीत त्याच्या रिकाम्या खुर्चीसमोर उभी होती, हातात हेडफोन.

"तुम्ही आलातच नाही तर?" ती म्हणाली.

वाक्य निघून गेलं होतं. आता पुढे धप्प होतं.

ती बोळातून धावली. वीस पावलांचा बोळ, पण तिला तो संपेचना. लिफ्टचं खालचं दार उघडं होतं, आणि खड्ड्यात, कमरेएवढ्या अंधारात, बॅटरी तोंडात धरून तो वाकला होता. शेजारी त्याचा हत्यारांचा डबा.

"आधी बाहेर या!"

त्याने बॅटरी काढली. "पाच मिनिटं, मॅडम. एवढा बोल्ट..."

"आधी बाहेर या, मग काय विचारायचं ते विचारा."

आपलेच शब्द परत आले की माणूस ऐकतो. तो वर चढला. वरच्या मजल्यावरच्या जोडीदाराला हाक मारायचंही त्याला सुचलं नाही, कारण तिने त्याचं मनगट धरलं होतं आणि ती त्याला जवळजवळ ओढत नेत होती. मुक्या खोलीत शिरल्यावर तिने दोन्ही दारं लावली.

"बसू?" त्याने हेडफोन उचलले.

"नको." तिने कागद काढला. "हे शून्य बघा. आणि हे. दोन्ही खोटी आहेत. तीन बटणं दाबली की माणूस बाद. तुम्ही पहिल्याच दिवशी बाद होतात."

"मग परत का बोलावलंत?"

"साठ भरायचे होते."

"बरं," तो म्हणाला आणि बुटांकडे बघत राहिला.

"नाही... म्हणजे पहिल्या दिवशी ते खरं होतं. संध्याकाळपर्यंत खोटं झालं."

तो वर बघू लागला. ती भरभर बोलत सुटली, थांबलं तर जमणार नाही अशी. "इथे खाली माझी सही आहे. माझं तुमच्याशी काही नातं नाही म्हणून."

"नाही का?"

तिने दोन्ही शून्यांवर एकेक रेघ मारली, शेजारी तीन-तीन लिहिले, सही केली. मुदत संपायला पाच दिवस होते, आणि नव्या माणसाला लागणार होते पंधरा. तिने शिक्का उचलला. वगळले.

धप्प!

दोघंही दगड झाली. त्याने छताकडे पाहिलं. तिने शिक्क्याकडे. छत जागच्या जागी होतं.

मग तिच्या पोटातून जे हसू उसळलं ते आवरेना. तिने टेबल धरलं, डोळ्यांतून पाणी आलं, "सहा वर्षं... माझी सहा वर्षं पडली हो ती... आणि तुम्हाला वाटलं तुमची लिफ्ट!" तो आधी नुसता बघत राहिला, मग तोही हसला, आणि हसता हसता त्याने तिचा हात धरला. तिच्या बोटांना शाई, त्याच्या बोटांना तेल. दोन्ही सहज निघत नाहीत.

"आता तू म्हटलं तर चालेल?" त्याने विचारलं.

"कागद आड येत नाही."

हसू ओसरलं. "आता ते," तो हळूच म्हणाला. "दार, आणि मग काही नाही." तिने त्याचा हात घट्ट धरला. ऐकत उभी राहिली. एक हृदय, दुसरं हृदय. दोन मिनिटं काहीही झालं नाही. तिने जड दार ढकललं, ते वाजलं, आणि मागे खोली रिकामी झाली : ना तिचं घड्याळ, ना त्याचं पोट.

बोळ पांढरा झाला होता. धूळ, नुसती धूळ, आणि धुळीत धावणारी माणसं. वॉचमन भिंतीला टेकून खोकत होता. पाच मजले उतरून आलेला जोडीदार खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकून ओरडत होता, "तो खाली होता! अरे, तो खाली होता!"

"कोण?" साठ नंबरने मागून विचारलं.

जोडीदार वळला. त्याने आधी एक थोबाडीत मारली आणि मग मिठी.

लिफ्टच्या मागे तोलासाठी लोखंडी ठोकळ्यांचं मोठं वजन असतं. ते दोरासकट खाली आलं होतं. खड्ड्यातल्या डब्याचा कागद झाला होता. त्या आवाजाने तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या हलल्या, आणि दोन्ही कानांनी ठार बहिरे असलेले एक पेशंट पलंगावर उठून बसले, असं नर्स आजही शपथेवर सांगते. अख्ख्या हॉस्पिटलात तो आवाज दोघांनाच ऐकू आला नाही. ती दोघं वीस पावलांवर, दोन दारांआड हात धरून उभी होती.

तिच्या पीएचडीच्या गाईडबाईंनी शिक्का मारलेला कागद पाहिला आणि चष्मा काढला. "शून्य का लिहिलंस?"

"साठ भरावेत म्हणून. आणि ते परत यावेत म्हणून."

"यातलं जास्त कुठलं?"

"दुसरं."

"मूर्ख मुलगी," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "पण मला हे तुझ्याकडून कळलं." नोंदणी रद्द झाली. उरलेल्या एकोणसाठ जणांचे कागद दुसऱ्या माणसाने एकेक करून तपासले. एकही खोटा निघाला नाही, तेव्हा कुठे तिला पुन्हा नाव घालू दिलं. दोन वर्षं गेली त्यात. नवा साठ नंबर एक पोस्टातली बाई होती. दहाही कोऱ्या खेपांत ती छान झोपली.

जाडजूड प्रबंध बांधून घरी आला तेव्हा आत्याने तो हातात तोलून पाहिला. "एवढं जड? आणि आत काय, कान?" लिफ्टवाल्याने दोनशे बारा पानांतलं एकच पान वाचलं, तेही बोट ठेवून. *वगळलेल्या व्यक्ती : एक. कारण : संशोधिकेचं व्यक्तीशी वैयक्तिक नातं.*

"छापील आहे," तो म्हणाला. "आता नाही म्हणता येणार नाही, डॉक्टर."

"मुकी खोली पुढच्या महिन्यात पाडतायत," ती म्हणाली. "शेवटचं एकदा बसतोस? बघू या तरी पुढचं काय ऐकू येतं."

त्याने प्रबंध मिटला. बाहेर कुठेतरी दार वाजलं, आत्या आत भांडी आपटत होती.

"नको," तो म्हणाला. "आता घडेल तेव्हाच ऐकू."